बुद्धिमान बालकांची पाठराखीण : लेटाबाई हॉलिंगवर्थ

हुशार मुलाची चिंता करण्याचे कारण नाही, तो आपला मार्ग आपण काढतो, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून पूर्वापार चालत आली आहे. दुबळ्या रोपाला काठीचा टेकू द्यावा, त्याला वेळेवर पाणी घालावे. जे रोप अंगच्या जोमाने वाढते त्याला माळ्याची गरज ती काय, असा विचार या समजुतीच्या मुळाशी असतो. संमेलनाच्या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून आपण त्यांच्या हाती श्रीफळ व पारितोषिक देतो, टाळ्या वाजवितो आणि कृतार्थ होतो. परंतु वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या मुलाच्या बुद्धीला काय खाद्य मिळते, याची चौकशी क्वचितच कोणी करीत असेल. ही चौकशी ज्या एका विदुषीने आयुष्यभर केली, आणि नुसती चौकशी करून न थांबता अशा मुलांसाठी प्रत्यक्ष वर्ग चालवून दाखविले, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेटाबाई हॉलिंगवर्थ यांचे चरित्र वाचकबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव सुपरिचित आहे. कुटुंबवत्सल वाचकांनाही ते माहीत असावे, इतकी त्यांची कामगिरी मोठी आहे.

लेटाबाईंचा जन्म २५ मे १८८६ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात चॅड्रन या गावाजवळ झाला. माहेरचे आडनाव स्टेटर. तो प्रदेश त्या काळी नुकता कोठे वसत होता. दूरवर पसरलेले माळरान, गुरांचे कळप, हिवाळ्यात हिमवादळे, आणि मैलामैलांवर एखादे घर, असा तो मुलूख. तीन बहिणींत लेटा सर्वांत थोरली. आई मार्गारेट ही हौशी व सुबुद्ध स्त्री होती. लेटाच्या पहिल्या वर्षाची हकीकत तिने एका वहीत लिहून ठेवली; आणि तीही अशा रीतीने, की जणू ते तान्हे मूलच स्वतःची कथा सांगत आहे. आपले मूल काय पाहते, काय ऐकते, कशाने हरखते, हे इतक्या प्रेमाने टिपणारी ही माता १८९० साली तिसऱ्या कन्येच्या जन्माच्या वेळी निवर्तली. लेटा त्या वेळी अवघी तीन वर्षांची होती.

मातेच्या पश्चात या तिघी पोरक्या मुलींना आजोळी आश्रय मिळाला. तेथील शाळा म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेली एक खोली. लहानमोठी सर्व मुले त्याच खोलीत बसत. पटावर मुले थोडी, भोवताली उघडी सृष्टी, आणि जो जितक्या वेगाने शिकेल तितक्या वेगाने त्याला पुढे जाऊ देण्याची मोकळीक. पुढे मोठमोठ्या विद्यापीठांचा अनुभव घेतल्यावरही लेटाबाईंना या एकखोली शाळेविषयी आदर वाटत राहिला. इयत्तांच्या भिंती नसल्या म्हणजे चपळ मूल अडून राहत नाही, हे त्यांनी तेथे स्वतः अनुभविले होते.

हे सुख फार काळ टिकले नाही. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि मुलींना व्हॅलेंटाइन या गावी आपल्या घरी नेले. तेथे सावत्र आईच्या हाताखालचे दिवस कष्टाचे व मनस्तापाचे गेले. घरात मायेचा ओलावा नाही, बरोबरीने बोलणारे कोणी नाही. अशा स्थितीत या मुलीने पुस्तकांचा व लेखणीचा आधार घेतला. शाळकरी वयातच तिची कविता गावच्या वृत्तपत्रात छापून आली. १९०२ साली ती माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झाली आणि वयाच्या सोळाव्या वर्षी लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाली. लेखिका व्हावे ही तिची त्या वेळची महत्त्वाकांक्षा होती. १९०६ साली ती पदवीधर झाली. याच विद्यापीठात हॅरी हॉलिंगवर्थ या होतकरू विद्यार्थ्याशी तिचा परिचय होऊन विवाह ठरला.

पदवीनंतर लेटाबाईंनी नेब्रास्कातच प्रथम डिविट व नंतर मॅकुक या गावच्या शाळांतून अध्यापन केले. हॅरी हे पुढील अभ्यासासाठी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले होते. ३१ डिसेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क मुक्कामी उभयतांचा विवाह झाला. नोकरीचा अनुभव व पदवी गाठीशी असल्यामुळे येथेही शाळेत शिकवावे असा लेटाबाईंचा मानस होता. परंतु विवाहित स्त्रीला शिक्षिकेची जागा द्यावयाची नाही, असा त्या शहराच्या शाळांचा दंडक होता! कालपर्यंत उत्तम ठरलेली शिक्षिका लग्नाची अंगठी बोटात येताच अपात्र ठरली. त्यांनी कथा लिहून पाहिल्या. त्या कोणी स्वीकारीना. स्वयंपाक करावा, कपडे शिवावेत, धुणे करावे, आणि पतीच्या तुटपुंज्या मिळकतीत संसार भागवावा, यात काही वर्षे गेली. कामाची लाज त्यांना नव्हती. परंतु अंगी असलेली शक्ती वापराविना गंजत आहे, ही जाणीव त्यांना आतून पोखरीत होती. वर्गात रिकाम्या बसलेल्या हुशार मुलाचे दुःख पुढे त्यांनी इतक्या अचूकपणे ओळखले, त्याचे बीज या दिवसांत असावे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

यातून सुटका झाली ती एका अनपेक्षित प्रसंगाने. कोका-कोला या पेयातील कॅफीन द्रव्यावरून अमेरिकन सरकारने त्या कंपनीवर भरलेला खटला १९११ साली चालला. कॅफीनचा माणसाच्या मनोव्यापारांवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग करून देण्याचे काम हॅरींकडे आले. हॅरींनी ते पद्धतशीरपणे केले, आणि प्रयोगांच्या व्यवस्थेत लेटाबाईंना आपल्या साहाय्यक नेमले. या कामाच्या मोबदल्यातून पत्नीच्या उच्च शिक्षणाची सोय झाली. हॅरींना आपल्या सहधर्मचारिणीच्या योग्यतेची पुरी जाण होती, आणि हाती पैसा येताच त्यांनी तो तिच्या विद्येसाठी खर्चिला, ही गोष्ट आमच्या तरुण पिढीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधून लेटाबाईंनी १९१३ साली एम. ए. व १९१६ साली डॉक्टरेट ही पदवी मिळविली. सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक हे त्यांचे मार्गदर्शक. संशोधनासाठी त्यांनी निवडलेला विषय धाडसाचा होता. स्त्रियांची बुद्धी व कार्यशक्ती महिन्यातील काही दिवस मंदावते, सबब जबाबदारीची कामे त्यांना देऊ नयेत, असे त्या काळचे वैद्यही बिनदिक्कत सांगत. लेटाबाईंनी स्त्रियांच्या व काही पुरुषांच्या रोजच्या रोज चाचण्या घेतल्या आणि असा कोणताही फरक आढळत नाही, हे आकड्यांनिशी दाखविले. दुसरे एक मत असे रूढ होते, की पुरुषांच्या बुद्धीत चढउतार फार, म्हणून महापंडितही पुरुषांतच निपजतात आणि जडबुद्धीही पुरुषांतच. स्त्रिया सगळ्या मधल्या. लेटाबाईंनी आपल्या एका सहकारिणीसह १,००० मुलगे व १,००० मुली अशा नवजात अर्भकांची मापे तपासली. त्यांत मुलग्यांमध्ये अधिक चढउतार असल्याचा पुरावा मिळाला नाही. जडबुद्धींच्या तपासणीकेंद्रात मुलगे अधिक का येतात, याचाही उलगडा त्यांनी केला. मुलग्याला लवकर कमवावे लागते, म्हणून त्याचे उणेपण लवकर उघड होते. मुलगी घरात धुणीभांडी करीत राहते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मुलीची हुशारीदेखील याच कारणाने झाकून राहते, हे सुज्ञास सांगणे न लगे.

शिकत असतानाच त्यांना मनोदुर्बल समजल्या गेलेल्या माणसांच्या बुद्धीची चाचणी घेण्याचे काम मिळाले होते. या कामात त्यांना आढळून आले, की मनोदुर्बल म्हणून आणलेल्यांपैकी कितीतरी जण बुद्धीने ठीक होते. त्यांचे दुखणे परिस्थितीशी न जमण्याचे होते. या अनुभवाने मुलांच्या मनाच्या घडणीकडे त्यांचे लक्ष वेधले. १९१६ साली टीचर्स कॉलेजात अध्यापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली व अखेरपर्यंत त्या तेथेच राहिल्या.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण लावणारी घटना घडली. बुद्धिमापन कसे करावे हे विद्यार्थी-शिक्षकांना प्रत्यक्ष दाखविताना, मंद मुलांशी तुलना करण्यासाठी एखादे तल्लख मूल वर्गात आणावे, असे त्यांनी ठरविले. बुद्ध्यंक म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. आठ वर्षांचे मूल जर सामान्य बारा वर्षांच्या मुलाइतकी कोडी सोडवू शकले, तर बाराला आठांनी भागून शंभरांनी गुणावयाचे. म्हणजे बुद्ध्यंक १५० झाला. वयाप्रमाणे बुद्धी असेल तर तो १००. त्या काळी ही अशी गणना होती. त्या दिवशी वर्गात आणलेला मुलगा अद्याप नऊ वर्षांचाही नव्हता. त्याचा बुद्ध्यंक १८७ निघाला. म्हणजे वयाच्या जवळजवळ दुप्पट झेप! लेटाबाई थक्क झाल्या. या मुलाच्या वाढीची नोंद त्यांनी पुढे वर्षानुवर्षे ठेवली. तो वयाच्या बाराव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकू लागला आणि पुढे धर्मोपदेशक व चर्चच्या इतिहासाचा विद्वान झाला. अशा विरळा मुलांचा शोध त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ घेतला. १८० हून अधिक बुद्ध्यंकाची मुले त्यांना मोजून बारा सापडली.

मुलांच्या सहवासातून लेटाबाईंच्या हाती जे निष्कर्ष आले, ते आजही प्रत्येक शिक्षकाने व पालकाने मनन करावेत असे आहेत. १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेले मूल सामान्य वर्गात आपला निम्मा वेळ फुकट घालविते, आणि १७० च्या वरचे मूल जवळजवळ सगळाच, असा त्यांचा हिशेब होता. हा वेळ नुसता रिकामा जात नाही. तो सवयी लावून जातो. न कष्टता पहिला क्रमांक मिळतो, म्हणून कष्टाची सवय लागत नाही. शिक्षक तेच तेच सांगत असतात, म्हणून ऐकण्याची सवय सुटते. मन खिडकीबाहेर भटकते, किंवा खोडीकडे वळते. सुमारे चाळीस वर्षांच्या अध्यापनात प्रस्तुत लेखकानेही हे पाहिले आहे, की गणित सर्वांआधी सोडवून पाटी पालथी घालणारा मुलगाच पुष्कळदा शेजाऱ्याची टोपी उडवितो आणि अंगठे धरून उभा राहतो. त्याच्या हातून पाटी काढून घेणारे आम्ही पुष्कळ. त्याला दुसरे काम देणारे थोडे.

दुसरा निष्कर्ष अधिक नाजूक आहे. अशा मुलाची बुद्धी बारा वर्षांची, शरीर आठ वर्षांचे, आणि भावना कधी आठांची तर कधी सहांची. जन्म कोठून, मृत्यू म्हणजे काय, देवाने दुःख का निर्माण केले, असे प्रश्न त्याला ज्या वयात छळतात, त्या वयात त्यांचे ओझे पेलण्याइतके मन तयार नसते. सोबत्यांना त्याचे खेळ अवघड वाटतात, त्याला त्यांचे खेळ पोरकट वाटतात. आणि ते मूल एकटे पडते. १२५ ते १५५ या दरम्यान बुद्ध्यंक असलेली मुले सामान्यतः चौघांत मिसळतात व पुढारीपणही करतात. त्याच्या फार वर गेलेली मुले मात्र एकाकी होत जातात, असे लेटाबाईंना दिसून आले. आपल्यासारख्याच चपळ सोबत्यांत बसण्याची संधी मिळाली, की हा एकाकीपणा कितीतरी वितळतो. मूर्खपणाचा राग न करता तो सोसण्यास शिकणे, हाही अशा मुलाच्या शिक्षणाचा भाग होय, असे त्या मानीत. बुद्धिमान माणूस कडवट झाला, तर त्याच्या बुद्धीचा लाभ कोणालाच होत नाही.

१९२२ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील १६५ क्रमांकाच्या सरकारी शाळेत त्यांनी सात ते नऊ वर्षांच्या सुमारे ५० मुलांचे दोन खास वर्ग चालविले. हा प्रयोग तीन वर्षे चालला. या अनुभवावर आधारलेला त्यांचा असामान्य बुद्धीच्या बालकांवरील ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि या विषयावरील आद्य ग्रंथांत त्याची गणना झाली. १९२८ साली पौगंडावस्थेच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ निघाला. तोही अनेक वर्षे शिक्षणसंस्थांतून अभ्यासला जात होता. १९२९ साली त्या पूर्ण प्राध्यापिका झाल्या.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे स्पायर स्कूल. न्यूयॉर्कचे शिक्षण मंडळ व टीचर्स कॉलेज यांच्या सहकार्याने १९३६ च्या प्रारंभी ही शाळा पाच वर्षांच्या प्रयोगासाठी सुरू झाली. तिची रचना मोठी अर्थपूर्ण होती. एकूण नऊ वर्गांपैकी सात वर्ग मंदगतीने शिकणाऱ्या मुलांचे, आणि दोनच वर्ग शीघ्रगतीने शिकणाऱ्यांचे. या दोन वर्गांत सात ते नऊ वर्षांची ५० मुले होती. मंद मुलांच्या वर्गांना बिने या फ्रेंच शास्त्रज्ञाचे व चपळ मुलांच्या वर्गांना टर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव दिले होते. म्हणजे कोणत्याच मुलाच्या कपाळी मंद वा हुशार असा शिक्का बसू नये. जो पुढे धावतो त्याची आणि जो मागे राहतो त्याची, अशी दोघांचीही सामान्य वर्गात उपेक्षा होते, हे जाणून दोघांना एकाच छपराखाली आणणाऱ्या या बाईंच्या न्यायबुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आता या दोन वर्गांत काय शिकवीत, हे पाहावयाचे. हुशार मुलाला एकदम दोनतीन इयत्ता पुढे ढकलावे, म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. लेटाबाईंचा हिशेब निराळा होता. वाचन, लेखन, गणित इत्यादी नेमलेला अभ्यास ही मुले निम्म्या वेळात सहज पुरा करीत. उरलेल्या निम्म्या वेळात वरच्या इयत्तेचे बीजगणित शिकवावे, तर ते त्यांना पुढे शाळेत मिळणारच आहे. पुन्हा ऐकताना तीच रिकामी बैठक नशिबी येणार. म्हणून या वेळात असे काही द्यावे, की जे पुढील कोणत्याही इयत्तेत मिळणार नाही, आणि ज्याने मनाचा पाया रुंद होईल.

असे काय द्यावे, हे ठरविताना त्यांनी मुलांनाच विचारले. त्यांतून जो अभ्यासक्रम तयार झाला, त्याला रोजच्या वस्तूंच्या उत्क्रांतीचा अभ्यास असे नाव पडले. अन्न, वस्त्र, निवारा, प्रवासाची साधने, दिवाबत्ती, कालमापन, हत्यारे व अवजारे, दळणवळण, व्यापार, आरोग्य, कायदा, राज्यकारभार, शिक्षण, अशा एकेका विषयाचा मुले आठवडेच्या आठवडे पाठपुरावा करीत. घर ही वस्तू घ्या. माणूस प्रथम कोठे राहिला, गुहा सोडून झोपडी केव्हा बांधली, विटेचा शोध कसा लागला, खिडकीला काच केव्हा आली, हे सर्व ग्रंथालयांतून व वस्तुसंग्रहालयांतून हुडकावयाचे, आपसांत वाटून घ्यावयाचे, लिहून काढावयाचे आणि वर्गापुढे मांडावयाचे. त्याचबरोबर चरित्रांचा अभ्यास होता. कोणत्या व्यक्तीचे चरित्र अभ्यासावे, हे मुलेच सुचवीत. फ्रेंच भाषा होती, संगीत होते, हस्तव्यवसाय होता.

या योजनेतील मर्म असे. ही मुले मोठेपणी नव्या कल्पना काढणारी, नव्या वाटा पाडणारी होतील, अशी लेटाबाईंची अपेक्षा होती. ज्याला नवे करावयाचे त्याला आजवर काय झाले, कसे झाले, कोणाच्या हातून झाले, याची जाण हवी. घरातील दिव्याच्या मागे किती पिढ्यांचे श्रम उभे आहेत हे ज्या मुलाला कळले, त्याला आपल्या हुशारीचा गर्व होणे कठीण. आणि आपणही त्यात भर घालू शकू, ही उमेद वाटणे सोपे. ज्ञान व विनय यांची अशी सांगड घालणारा अभ्यासक्रम लहान मुलांसाठी आखणे, हे थोर शिक्षकाचेच काम.

ही शाळा ऐन भरात असताना तिच्या सूत्रधार मात्र आतून खंगत होत्या. कर्करोगाने त्यांना पुष्कळ वर्षांपूर्वीच गाठले होते. परंतु त्यांनी ही गोष्ट जवळच्यांनाही कळू न देता काम चालू ठेवले. १९३८ साली त्यांच्या मातृसंस्थेने, नेब्रास्का विद्यापीठाने, त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले. २७ नोव्हेंबर १९३९ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. लिंकन येथे त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांना अपत्य नव्हते. त्यांचा अपुरा राहिलेला, त्या बारा विरळा मुलांवरील ग्रंथ हॅरींनी पुरा करून १९४२ साली प्रसिद्ध केला, आणि पुढल्याच वर्षी पत्नीचे चरित्रही लिहिले. स्पायर स्कूलचा प्रयोग ठरल्याप्रमाणे १९४१ मध्ये संपला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्या दोन वर्गांतील विद्यार्थ्यांचा शोध घेऊन त्यांना शाळेविषयी विचारण्यात आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, उतारवयाकडे झुकलेल्या या माणसांनी शाळेची आठवण मोठ्या प्रेमाने काढली. बरोबरीचे सोबती प्रथम तेथे भेटले आणि शिकण्यातला आनंद प्रथम तेथे कळला, असाच त्यांच्या सांगण्याचा रोख होता.

थोरांच्या चरित्रात त्यांच्या गुणांबरोबर त्यांच्या मर्यादाही सांगणे हे लेखकाचे कर्तव्य होय. बुद्धी ही मुख्यतः वंशपरंपरेने येते, असे लेटाबाई मानीत. आणि बुद्धिमानांनी अधिक संतती वाढवावी, हीनबुद्धींनी वाढवू नये, या त्या काळी अमेरिकेत बोकाळलेल्या मतालाही त्यांची संमती होती. स्त्रियांवरील खोटा आरोप ज्यांनी आकड्यांनी खोडून काढला, त्यांनी या बाबतीत तशीच कसोटी लावली नाही, हे खेदाने म्हणावे लागते. बुद्ध्यंकाला त्या देत तेवढे वजन आज कोणी जाणता देत नाही. घरातील पुस्तके, पोटभर अन्न, आईबापांचे शिक्षण, चाचणीची भाषा, या सर्वांचा त्या आकड्यावर परिणाम होतो, हे आता मान्य झाले आहे. त्यांच्या हयातीतच, १९३५ साली, विटी व जेंकिन्स या दोन अभ्यासकांनी शिकागोच्या एका नऊ वर्षांच्या निग्रो मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. जिच्या समाजाला हीनबुद्धी ठरविण्यात तेथील पंडित धन्यता मानीत, त्या मुलीचा बुद्ध्यंक २०० होता!

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिकात ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आपल्या मुलांच्या यशाचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु बुद्धी ही कोणत्याही एका कुळाची, ज्ञातीची वा देशाची वतनदारी नव्हे. ज्या घरी दिवा आहे तेथे ती दिसते, ज्या घरी नाही तेथे ती अंधारात राहते, एवढाच काय तो फरक. आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती ही असे दिवे लावण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

लेटाबाईंच्या चरित्रापासून आपल्या घरांनी काय घ्यावे? स्पायर स्कूलसारखी शाळा काढणे आपल्या आवाक्यातले नाही. परंतु तिच्यातील सार घ्यावयास पैसा लागत नाही. आपले मूल अभ्यास लवकर पुरा करीत असेल, तर त्याला आणखी एका शिकवणीला जुंपू नये. माजघरातील जाते व कोपऱ्यावरील पिठाची गिरणी, आजीची समई व आजचा विजेचा दिवा, नदीवरील नाव व तिच्यावर झालेला पूल, यांच्या मागची कथा शोधून आणण्यास त्याला सांगावे. सुतार, लोहार, कुंभार, विणकर यांच्याकडे त्याला घेऊन जावे आणि त्यांच्या हातातील विद्या आदराने पाहावयास शिकवावे. त्याने अवघड प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर आपणही शोधावे. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट दक्षतेने करावे, कारण तिची हुशारी घरकामाच्या पसाऱ्यात झाकून जाण्याचा धोका आजही पुरता टळलेला नाही. आणि त्याच घरातील जे भावंड सावकाश शिकते, त्याची या हुशार मुलाशी तुलना करून दोघांचेही नुकसान करू नये. नऊ वर्गांपैकी सात वर्ग सावकाश शिकणाऱ्यांसाठी राखणाऱ्या त्या शाळेचा हा धडा विसरता कामा नये.

यंदाच्या गुणगौरव समारंभात ज्या बालकांचा सत्कार होईल, त्यांना पारितोषिकाबरोबर एखादे चांगले चरित्र, आणि एखादा प्रश्न शोधण्यासाठी वर्षभराची मोकळीक, एवढे जरी घरच्यांनी दिले, तरी माळरानावरील त्या एकखोली शाळेत शिकलेल्या पोरक्या मुलीचे ऋण काही अंशी फिटेल. सर्व विद्यार्थ्यांना उज्ज्वल यश लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख येथेच पुरा करतो.